चौऱ्याहत्तर किलो वाळू

सोमवार, ३

ही वही मी सीटची मापं लिहायला आणली होती. पहिल्या दोन पानांवर एका टॅक्सीच्या मागच्या बाकाची मापं आहेतसुद्धा. पण आज फोरमन म्हणाले, इंजिन आधी कागदावर बसव, मग गाडीत. महिनाभर लिही आणि मग ठरव. फोरमन म्हणजे आमच्या गाडीचे डॉक्टर. कारखान्यातून निवृत्त झाले, पण हातातला पाना सुटला नाही. त्यांचं ऐकावंच लागतं, कारण नाही ऐकलं तर ते भांडत नाहीत, नुसते बघत बसतात.

तर कागदावर. आमची गाडी छोटी, बाराशे सीसीची. लोक भाजी आणायला घेतात ती. तिच्यातून आम्ही नवराबायको सहा वर्षं हौशी क्लबच्या शर्यती पळालो. मी चालवायची, हे डाव्या सीटवर बसून वळणांची वही वाचायचे. कुठलं वळण किती घट्ट, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, सगळं त्या वहीत. गेल्या वर्षी डोंगराच्या रस्त्यावर ऐन चढाच्या माथ्यावर इंजिन बंद पडलं, गाडी चरात गेली आणि माझ्या खांद्याचं हाड मोडलं. याला चौदा महिने झाले. हाड जुळलं. पत्रा फोरमननी ठोकून सरळ केला. इंजिन तेवढं बदलायचं राहिलं.

खरं तर हा प्रश्न यांचा. माझं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान, म्हणून शिवणाचं मी बघायचं, इंजिनाचं यांनी, असंच ठरलेलं. पण हे बंदरावर क्रेनच्या दुरुस्तीला गेलेत, दीड दिवसाच्या प्रवासावर. वर्षाचं काम म्हणून गेले. वर्ष कालच संपलं. केकही नाही कापला कुणी.

क्लबचा अर्ज अठ्ठावीसला द्यायचाय. चौदाशेच्या आतलं इंजिन असेल तर जोडीचा गट, डोंगराचा रस्ता, शेजारी वाचणारा पाहिजेच. त्याहून मोठं असेल तर खुला गट, बंद ट्रॅक, गाडीत एकटं माणूस. डावी सीट काढून ठेवायची. इंजिनाबरोबर हेही ठरवायचंय.

बुधवार, ५

उमेदवार तीन. मी त्यांना थोरलं, मधलं आणि धाकटं म्हणते.

थोरलं सोळाशेचं. अंगात ताकद मोप, पण आपला गिअरबॉक्स त्याला जुळत नाही, बसायची जागा कापून नवी करावी लागेल, वायरिंग सगळं नवं, आणि गाडीचं नाक जड होणार. मधलं तेराशेचं, आमच्याच गाडीच्या महागड्या भावंडातलं. हातमोजा बसावा तसं बसतं, फक्त कुठे मिळत नाही. धाकटं म्हणजे आत्ता आहे तसंच, पण कमी पळालेलं.

तोफेला वाचून दाखवलं. तोफ म्हणजे माझी धाकटी नणंद, दुकानात माझ्याबरोबर कापड कापते आणि दिवसभर डागत असते. म्हणाली, वहिनी, तुम्ही इंजिन निवडताय की स्थळ बघताय?

मग एक गिऱ्हाईक भांडायला आलं. त्याच्या सीटमागचा खिसा उघडतच नाही, चिकटून बसलाय. पाहिलं तर खरंच. चिकटवायचं सोल्यूशन लावलं की वीस मिनिटं वाळू द्यायचं असतं, मी दहा मिनिटांत दाबून मोकळी होते. घाई माझ्या पाचवीला पुजलेली. खिसा सोडवून दिला, वर चहा पाजला. तोफ म्हणाली, सोल्यूशनला दम नाही असं नाही, आमच्या वहिनीला नाही.

रविवार, ९

रविवारी अकराला यांचा फोन येतो. मी साडेदहापासून फोन समोर ठेवून काहीतरी उसवत बसते.

तिन्ही इंजिनं सांगितली. वाटलं होतं तासभर खल होईल, पूर्वी व्हायचा तसा. तेव्हा एका स्पार्क प्लगवरून आम्ही जेवण गार केलंय. पण हे लगेच म्हणाले, थोरलं घाल. मी म्हटलं, अहो, मग गट बदलतो. म्हणाले, बदलू दे. "तुझा हात चांगला आहे. तुला शेजारी कुणाची गरज नाही."

एवढं कौतुक यांनी सहा वर्षांत केलं नव्हतं. दुपारपर्यंत मी हवेत होते. संध्याकाळी कशाला कोण जाणे, रडू आलं. खांद्यामुळे असेल.

जाता जाता हेही सांगितलं की कंपनी आणखी दोन वर्षं थांबा म्हणतेय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मी म्हटलं, तुम्ही बघा. दुसरं काय म्हणायचं असतं?

बुधवार, १२

फोरमननी आज जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर सारखे, एकही कमी नाही. मग पेट्रोलचा पंप बघितला, ठिणगी बघितली, फिल्टर उलटा करून फुंकला. हात पुसत म्हणाले, याला काही झालेलं नाही.

मी म्हटलं, असं कसं? माथ्यावर बंद पडलं ना. ते म्हणाले, चरातून काढल्यावर किल्ली मीच फिरवली होती. पहिल्या फिरवण्यात सुरू झालं. आणि मग त्यांचं ते बघणं.

वय झालं फोरमनचं. चौदा महिन्यांपूर्वीचं काय आठवणार त्यांना? इंजिनं कधी कधी पडतात बंद, आणि आपसूक होतात सुरू. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, हो, पडतात, आणि काटे झाकायला गेले.

काट्यांचं लिहून ठेवते. फोरमनकडे चार वजनकाटे आहेत, एकेका चाकाखाली एकेक. शर्यतीआधी गाडी त्यावर चढवून चारही चाकांवर भार नीट वाटून घ्यायचा. तेव्हा मी उजवीकडे बसायची आणि डाव्या सीटवर यांच्या वजनाची वाळू ठेवायची, कारण यांना तासभर एका जागी गप्प बसवत नाही. चौऱ्याहत्तर किलो, तीन पोती. ती पोती दुकानाच्या कोपऱ्यातच आहेत. तोफेनं वरच्या पोत्याला मार्करनं मिशा काढल्यात. गिऱ्हाइकं त्यावर पिशव्या ठेवतात. मी उचलून बाजूला ठेवते.

शुक्रवार, १४

आज खांदा दुखतोय. एका व्हॅनच्या सीट झाल्या. बाकी काही नाही.

रविवार, १६

फोन आला. नऊ मिनिटं बोलले. हवा, जेवण, माझा खांदा. खांद्याचं हे दर वेळी विचारतात आणि मी बरा म्हटलं की गप्प होतात.

फोन ठेवल्यावर तोफ सरळ समोर येऊन बसली. म्हणाली, "वहिनी, दादा तिकडे कामाला गेलाय की लपायला?" मी म्हटलं, तुझ्या जिभेला काही हाड? ती म्हणाली, मी त्याची बहीण आहे, लहानपणी काच फुटली की तो माळ्यावर जाऊन बसायचा. बोलावलं तरी उतरायचा नाही. फोडली कुणीही असो.

म्हणून आता खरं लिहिते. वही माझी आहे, फोरमनना मापंच दाखवीन.

इंजिन बंद पडलं नव्हतं. माथ्याच्या आधी हे वाचत होते, नेहमीसारखे, मोठ्यानं, सरळ. म्हणाले, "डावं मोकळं, पूर्ण दाब." मी दाबलं. माथ्यापलीकडे दिसत काही नाही, तिथे डोळे कामाचे नाहीत, यांचा आवाजच. माथा ओलांडला तर रस्ता उजवीकडे वळला होता, आणि तोही घट्ट. यांनी चुकीचं वाचलं होतं. का, ते माहीत नाही. सहा वर्षांत एक अक्षर चुकलं नव्हतं.

चरात गाडी आडवी, माझा हात लोंबतोय, आणि यांचा चेहरा पांढराफटक. लोक धावत आले. फोरमननी खिडकीतून विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून निघालं, इंजिन बंद पडलं. यांना सगळ्यांदेखत खाली मान घालायला लागू नये म्हणून. मग तेच क्लबच्या कागदावर लिहिलं, तेच घरी सांगितलं, तेच यांनाही. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. आणि आता धडधाकट इंजिन काढून फेकायची वेळ आलीय, कारण मी त्याला चोर ठरवलंय.

यांनी कधी विषय काढला नाही. मीही नाही. दोन महिन्यांनी बंदराचं काम आलं आणि हे गेले. बरंच झालं म्हणा, यांना कळलं नाही की मला सगळं माहीत आहे. तेवढं तरी मी जपलं.

पण यांचा आवाज हवाय मला. नऊ मिनिटांचा हवापाण्याचा नाही, तो दुसरा. माथ्याच्या आधी कानात येतो तो.

बुधवार, १९

जुन्या गाड्यांच्या यार्डात जाऊन थोरलं बघून आले. यार्डवाल्यानं लाकडी घोडीवर बांधून सुरू करून दाखवलं. काय आवाज! त्याने विचारलं, कोण चालवणार? म्हटलं, मी. शेजारी? म्हटलं, शेजारी कुणी नाही. पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.

परत येताना ठरवून टाकलं. थोरलंच. आणखी दोन वर्षं मिशावाल्या पोत्यावरच्या पिशव्या उचलत बसायचं म्हणजे वेड लागायची लक्षणं. फोरमनना सांगितलं तर म्हणाले, बरं. आणि पुन्हा म्हणाले, जुनं मात्र विकू नकोस, निरोगी आहे.

रविवार, २३

यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. मग बराच वेळ नुसता पलीकडचा वारा. मी म्हटलं, आहात का? म्हणाले, आहे. मग म्हणाले, आता त्या वाळूचं काय काम? झाडांना घाल.

मी फोन ठेवला. आजवर यांच्या आधी कधी ठेवला नव्हता. झाडांना घाल म्हणे! सहा वर्षं जोडीनं पळालो त्याची किंमत तीन कुंड्या. तोफ काही न बोलता घरी गेली, म्हणजे माझा चेहरा कसा असेल ते कळतं.

सोमवार, २४

सकाळी शटर अर्धंच उघडलं आणि मागच्या शेडमध्ये गेले. डावी सीट मीच काढणार होते. मी शिवलेली, मीच काढीन. चार बोल्ट. तीन सहज सुटले, चौथ्याला झोपून हात घालावा लागला. सीटच्या पोटाखाली मी वहीसाठी एक खिसा शिवला होता, तो हाताला लागला. आत काहीतरी होतं.

वळणांची वही. चौदा महिने तिथेच. कुणाला आठवण झाली नाही, किंवा कुणाला हवी नव्हती.

जमिनीवर बसूनच उघडली. यांचं ठसठशीत अक्षर. आम्ही पानाच्या एकाच बाजूला लिहायचो, उलटताना गोंधळ नको म्हणून. सात, आठ, नऊ. नवव्या पानाचं शेवटचं वळण संपलं, पान उलटलं, तर अकरा आलं. "डावं मोकळं, पूर्ण दाब." दहावं पानच नाही.

नववं पान बोटांत धरलं तर जाड लागलं. शिवणीच्या कडेला पिवळा डाग. नखानं उकललं, करकर करत सुटलं, आणि नवव्याच्या पाठीला चिकटलेलं दहावं बाहेर आलं.

तो डाग मी ओळखते. दिवसातून पन्नासदा बघते. शर्यतीच्या दिवशी सकाळी हे म्हणाले होते, वहीची पाठ सुटतेय. मी दुकानात नेली, सोल्यूशन फासलं, मशीनखाली दाबली. हे दारात उभे राहून म्हणाले होते, नीट वाळू दे. मी म्हटलं होतं, वाळलंय, घ्या.

यांनी काही चुकीचं वाचलं नव्हतं. समोर होतं ते वाचलं. चूक माझ्या दहा मिनिटांची होती. आणि चौदा महिने मी यांना माफ करत बसले होते! केवढा माझा मोठेपणा. फोरमन आले तेव्हा मी सीटला टेकून तिथेच बसलेली होते. त्यांनी वही घेतली, डागावरून बोट फिरवलं, परत दिली. बघितलं मात्र नाही माझ्याकडे.

मंगळवार, २५

रविवारची वाट बघणं शक्य नव्हतं. दुपारी यांच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. यांनी पहिल्याच घंटेला उचलला. घाबरलेले. काय झालं, बरी आहेस ना?

म्हटलं, बरी आहे. इंजिन बंद पडलं नव्हतं. मी सांगत सुटले, खिसा, वही, दहावं पान, सोल्यूशन. म्हटलं, दोष माझा होता, तुम्ही म्हणाला होतात वाळू दे. सगळं एका दमात, मध्ये थांबले असते तर बोलता आलं नसतं.

मग हे सावकाश, पूर्वीच्या आवाजात, म्हणाले, "पान दहा. सरळ ऐंशी मीटर. माथा. उजवं घट्ट. कापू नको." वही माझ्या मांडीवर उघडी होती. अक्षर न् अक्षर बरोबर.

म्हणाले, हे पान रोज म्हणतोय मी इथे. क्रेनवर चढताना, उतरताना. ते पान वहीत होतं, मीच लिहिलं होतं, आणि मी ते वाचलं नाही, एवढंच मला माहीत होतं. वही पुन्हा उघडायची हिंमत झाली नाही.

मी म्हटलं, पण मी तर सगळ्यांना इंजिनाचंच सांगितलं होतं. तुमच्यावर कुणी बोट दाखवलं नाही.

"तेच तर," म्हणाले. "तू इंजिन म्हणालीस तेव्हाच कळलं, तू ऐकलंयस मी काय वाचलं ते. शिव्या दिल्या असत्यास तर दुसऱ्या दिवशी परत शेजारी बसलो असतो. तू सांभाळून घेतलंस. मग कुठल्या तोंडानं बसायचं?"

चौदा महिने मी जे जपलं म्हणत होते, त्यानंच यांना घराबाहेर काढलं होतं. मग मी शिव्या दिल्या. चौदा महिन्यांच्या साठलेल्या, यांना, मला, सोल्यूशनला, बंदराला, झाडांना वाळू घालणाऱ्याला. हे ऐकत होते. शेवटी शेवटी हसत होते, किंवा रडत असतील, फोनवर दोन्ही सारखंच ऐकू येतं.

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. मी विचारलं, अर्जात कुठला गट लिहू? म्हणाले, गाडी काट्यांवर कधी चढवणार? म्हटलं, शुक्रवारी.

"मग फोरमनना सांग, वाळू सहा किलो कमी करा. मी इथे तेवढा उतरलोय."

शुक्रवार, २८

अर्ज दिला. इंजिन जुनंच, बाराशे. त्याची क्षमाही मागितली, बॉनेट उघडून, कुणी नाही बघून. दुसऱ्या व्यक्तीच्या रकान्यात यांचं पूर्ण नाव लिहिलं. कंपनीला यांनी थांबणार नाही म्हणून कळवलंय, पुढच्या महिनाअखेर निघतील. यार्डवाल्याला थोरलं नको म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, शेजारी कुणी मिळालं वाटतं.

नवी वही केली. पाठ शिवली आहे, दुहेरी दोऱ्यानं. चिकटवलं काही नाही.

दुपारी गाडी काट्यांवर चढवली. डावी सीट परत बसवली होती, चारही बोल्ट फोरमननी दोनदा आवळले. मी उजवीकडे बसले, तोफेनं पोती आणून शेजारी ठेवली, मिशा पुढे येतील अशी. फोरमन सर्वांत लहान पोत्याचं तोंड सोडून सहा किलो काढायला लागले, तर मी त्यांचा हात धरला. म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, अगं, मग भार चुकेल. म्हटलं, चुकणार नाही. यांना एकदा घरी येऊ द्या, महिनाभर जेवायला घालून सहाचे सहा किलो मी भरून काढते.